टेपचं दुसरं टोक

इनासकाका बावीस वर्षं ग्रीक मालकाच्या जहाजांवर
इंजिनाला तेल घालत होता.
मनोरीला कायमचा परतला तेव्हा पेटीत होतं
एक कांबळं, दोन बंद घड्याळं,
ओल्या फडक्यात गुंडाळलेलं ऑलिव्हचं रोप,
आणि स्ताव्रो नावाच्या खानसाम्याने
कांदे सोलता सोलता सांगितलेलं
अडीच हजार वर्षांपूर्वीचं बरंच काही.

त्या लोकांनी म्हणे देवळावर कोरून ठेवलंय:
कशाचंही अति नको.
रेजिनकाकी म्हणाली, एवढ्यासाठी दगड फोडला?
माजी आय ह्येच उलथन्यानं सांगायची,
हातावर.

कृत्तिका पहाटे समुद्रात बुडाल्या की पेरायला घ्यायचं,
हेही स्ताव्रोचंच.
काकी हसली. त्यांचा पाऊस थंडीत पडतो, इनास.
तुज्या तारकांवर रायलो असतो
तर भात नाताळात लावला असता.
तरी एका वर्षी त्याने वाल त्याच हिशोबाने पेरले,
पहाटे तीनदा उठून, मान मोडेपर्यंत.
खाडीपलीकडच्या दिव्यांनी आभाळ फिकं केलेलं,
तारे सापडले नाहीत.
वाल आले. भरून आले.
काकीने ते ताऱ्यांच्या खात्यावर नाही,
जमिनीतल्या ओलीच्या खात्यावर मांडले.

घराला ते ऑइकोस म्हणतात, तो मला सांगायचा,
आणि घर म्हणजे नुसत्या भिंती नाहीत,
त्यात बैल येतो, तेलाचा बुधला येतो,
म्हातारी येते, उधारी येते.
इकॉनॉमी म्हणजे तेवढं सगळं नीट लावणं.
टीव्हीतल्या त्या टायवाल्याला
कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मी बोरिवलीच्या भूमापन कार्यालयात असते.
म्हणून वाटणीच्या दिवशी
टेपचं दुसरं टोक माझ्या हातात आलं.
सांतानकाकाला त्याचा अर्धा विकायचा होता,
गिऱ्हाईक बंगला बांधणारं, सावळ्या रंगाची गाडी
रस्त्यावर उभी करून फोनवर बोलत.
मीटर म्हणजे पण त्यांचंच, इनासकाका पुटपुटला,
मेत्रॉन. माप.
मी म्हटलं, आपली मात्रा त्याच कुळातली असेल, काका.
तो थबकला. मग म्हणाला, मंग ती
आमच्यावर चालली पायजे.

एकेचाळीस मीटर साठ.
रेघ सरळ निघाली, विहिरीच्या कडेने,
भेंडीच्या दोन ओळी सोडून,
आणि नेमकी ऑलिव्हच्या बुंध्यातून गेली.
ते झाड आता माझ्या खांद्याच्या वर आहे.
एकदाही फळलं नाही.
त्याला थंडी लागते, खरी, हाडात शिरणारी;
इथे जानेवारीतसुद्धा घाम पुसावा लागतो.
पानं तेवढी रुपेरी, खाऱ्या वाऱ्यात उलटीसुलटी.

सांतानकाका म्हणाला, तोड, इनास. एक फळ नाय त्याला.
इनासकाका काही बोलला नाही.
खुंटी उपटली, झाडाला वळसा घालून
आपल्या बाजूला तीन हात आत ठोकली.
सबंध रेघेवर तीन हात.
झाड भावाच्या हद्दीत जाईल, मी ओरडले.
मग तो परत आला, खुंटी पुन्हा उपटली,
आता झाडाजवळ रेघेला कोपर काढलं,
झाड आपल्याकडे, बाकीचे तीन हात भावाकडे,
वर विहिरीकडच्या भेंडीची एक ओळ.

अति नको म्हननारा हाच काय रे?
काकी दारातून म्हणाली.
तिच्या हातात मिठाची वाटी होती.

मी वही उघडली.
काका, हद्द वाकडी लिहू?
सांतानकाका ऑलिव्हची डहाळी मोडून
दातांत धरून उभा होता, कडू लागत असणार,
पण थुंकला नाही.
वाकडीच लिव्ह, तो म्हणाला.
इनासकाकाने मान वर केली नाही.

टेप सोडली तेव्हा ती सरसरत आत गेली
आणि माझ्या अंगठ्याला चिरून गेली.
आत काकी कालवणात मीठ घालत होती,
न मोजता,
दोन्ही घरांच्या ताटांपुरतं.